सुरी कडक हवी की चिवट? विकण्याआधी हे ठरवा



हाताने सुऱ्या, विळे, कोयते बनवून विकणाऱ्यांसाठी आजचा विषय आहे. प्रात्यक्षिक व्हिडिओत आहेच, इथे माझं मत स्पष्ट सांगतो. तुमचं पातं मोडत असेल तर लोगो, पॅकिंग, इन्स्टाग्राम सगळं बाजूला ठेवा. आधी मोडणं थांबवा.

बोथट झालेली सुरी ग्राहक धार लावून पुन्हा वापरतो. मोडलेली सुरी मात्र हात कापते. ऊसतोड कामगाराचा कोयता फडात मोडला तर त्याची मजुरी बुडते. तो परत तुमच्याकडे कशाला येईल?

आपल्याकडे एक समज पक्का बसलाय: जितकं कडक तितकं भारी. अहो, काचही कडकच असते! पात्याला कडकपणाच्या जोडीला चिवटपणा लागतो. भाजीच्या सुरीला रॉकवेल ५८ ते ६० चालतं, पण घाव घालायच्या कोयत्याला ५० ते ५४ पुरे.

आधी आकार बघा

पातं बहुतेक वेळा मुठीजवळ मोडतं. पात्याचा जो भाग मुठीत जातो, तिथे काटकोनी खाच ठेवली की सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. तो कोपरा गोल कानसीने गोलाकार करा. ग्राइंडरचे आडवे खोल ओरखडे पाणी देण्याआधी घासून काढा, कारण तडा तिथूनच सुरू होतो. धारही आधीच पातळ करू नका, साधारण १ ते १.५ मिमी जाडी ठेवा.

भंगारातला कमानपाटा स्वस्त पडतो, मान्य. पण त्यात न दिसणारे तडे असू शकतात. विकायच्या मालासाठी ग्रेड माहीत असलेलं नवीन पोलाद घ्या, असं माझं ठाम मत आहे.

मग भट्टी

लोखंड साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून थोडंच वर जायचं. नेमकं किती, ते ग्रेडवर ठरतं, म्हणून पुरवठादाराला विचारा. पांढरट पिवळं होईपर्यंत तापवलंत तर आतले कण मोठे होतात आणि पातं ठिसूळ बनतं.

कमानपाट्याचं पोलाद तेलात विझवायचं असतं. पाण्यात टाकलं की तडकायची भीती. तेल ५०-६० अंश कोमट करा, भांडं लोखंडी घ्या आणि झाकण हाताशी ठेवा. जळकं इंजिन ऑईल नको, त्याचा धूर विषारी असतो.

इथे कंटाळा नको

विझवलेलं पातं खाली पडलं तरी मोडू शकतं. म्हणून ते हाताला सोसेल इतकं थंड झालं की लगेच ओव्हनमध्ये. सुरीला साधारण २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. कोयत्याला त्याहून जास्त तापमान लागतं.

"सर, एवढा वेळ कोणाला परवडतो?" चला, हिशोब करू. दीड किलोवॅटचा ओव्हन ४ तास सतत चालला तरी ६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ६० रुपये. एका खेपेत १२ सुऱ्या बसल्या तर सुरीमागे ५ रुपये! एक सुरी बदलून द्यायची म्हटलं तर कुरियरलाच यापेक्षा जास्त जातात.

दर खेपेला एक तुकडा मोडा

त्याच पोलादाची एक पट्टी प्रत्येक खेपेबरोबर तापवा, विझवा आणि मोडून बघा. मोड राखाडी, मखमलीसारखा बारीक दिसला तर ठीक. साखरेसारखे कण चमकले तर भट्टी जास्त तापली होती, ती खेप विकू नका. धार पितळी सळईवर हलकी दाबून सरकवा. वाकून परत सरळ आली तर उत्तम, वाकलेलीच राहिली तर मऊ, तुकडा उडाला तर ठिसूळ.

आणि "आयुष्यभर गॅरंटी" असं छापू नका. त्यापेक्षा "या सुरीने नारळ फोडू नये" हे छापा. खरं सांगणाऱ्या कारागिराला ग्राहक चार पैसे जास्त देतो.

या आठवड्यात एकच काम करा: तयार मालातली एक सुरी स्वतः मोडून बघा. मन धजावत नसेल, तर तीच सुरी ग्राहकाच्या हातात कशी देताय, याचा विचार करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!