जुन्या गाडीस नवी खिडकी
ज्या फोक्सवॅगन गाडीचे उत्पादन १९५० साली जर्मनीत सुरू झाले आणि जिच्यात वेस्टफालिया कंपनीच्या कारागिरांनी शय्या, कपाटे व शेगडी बसवून तिला फिरत्या बिऱ्हाडाचे रूप दिले, तिच्या वृद्ध वंशजांपैकी एखादीस सरकती खिडकी बसविण्याचा संकल्प जो करील, त्याने हे कार्य केवळ शोभेचे नसून गाडीच्या आयुष्याचे आहे असे मानावे, हे माझे आग्रहाचे मत आहे. कारण बंद पत्र्याच्या पेटीत निजलेल्यांचा उच्छ्वास आणि स्वयंपाकाची वाफ थंड काचेवर साचून सांध्यांत झिरपते व तेथे गंज धरते. खरी कसोटी पत्रा कापण्याची: आतील आधाराच्या पट्ट्या कोठून जातात याचा अदमास घेतल्याखेरीज आणि चौकटीचा पुठ्ठ्याचा नमुना दोनदा ताडून पाहिल्याखेरीज करवतीस हात लावू नये, आणि कापलेली कड कानशीने घासून तिला गंजरोधक रंग दिल्यावाचून तर चौकट मुळीच बसवू नये. चौकटीच्या तळाशी पाणी वाहून जाण्याची जी बारीक छिद्रे असतात ती चिकट लेपाने बुजली नाहीत ना, याची खातरजमा करावी; घाईने काम उरकणाऱ्यांची गफलत बहुधा येथेच होते. काच सुरक्षा-काचच हवी. मात्र आत शेगडी पेटवायची असेल तर इच्छेनुसार बंद होणाऱ्या या खिडकीवर विसंबणे मला सर्वथा नामंजूर आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला गंध नसतो. त्यासाठी छताशी व तळाशी सदैव उघडे राहणारे झरोके निराळे ठेवावेत.