टोपली खांद्यावर घेताना

देवाचे आभार कसे मानावेत, हे बायबलने एका शेतकऱ्याला अगदी शब्दाशब्दाने शिकवले आहे. अनुवाद या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात तो पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकापुढे उभा राहतो. नांगर त्याने धरलेला, घामही त्याचाच. पण तिथे त्याने सांगायचे ते भलतेच. आपला पूर्वज भटका अरामी होता, मूठभर माणसांनिशी मिसरात गेला, तिथे आपल्याला राबवले-गांजले, आपण टाहो फोडला तेव्हा देवाने ऐकले, बाहेर काढले आणि ही जमीन दिली. पेरणी-खुरपणीचा अवाक्षरानेही उल्लेख नाही.

ही रीत पुढे कशी पाळत, ते मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातल्या बिक्कूरीम या प्रकरणात वाचायला मिळते. शेतात पहिले पिकलेले अंजीर दिसले की तिथल्या तिथे त्याला लव्हाळ्याची गाठ बांधायची आणि ते देवाचे म्हणून ठरवायचे. यरुशलेमच्या मंदिराच्या टेकडीवर पोचल्यावर अग्रिप्पा राजासुद्धा आपली टोपली आपल्याच खांद्यावर घेई. ज्यांना ते निवेदन म्हणता येत नसे त्यांना याजक सांगत आणि ते मागून म्हणत. पण त्या लाजेपायी लोक यायचेच बंद झाले, तेव्हा म्हणता येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला, सगळ्यांनाच सांगून म्हणवून घ्यायचे असे ठरले. किती शहाणा, किती माणुसकीचा निर्णय! आभार मानताना कुणाची मान खाली जाऊ नये, एवढी काळजी त्यांनी वाहिली.

आपल्या मंडळ्यांमधल्या साक्षी ऐकताना मला हा शेतकरी आठवतो. आम्ही उपास केले, विश्वासात टिकलो, म्हणून मुलाला नोकरी लागली, म्हणून घर झाले. यातला आनंद खरा आहे, त्याला बोल लावायचा नाही. पण त्या 'म्हणून'मध्ये कृपेची मजुरी होऊन बसते. मोशेने याच अनुवादाच्या ९ व्या अध्यायात लागोपाठ तीन वचनांत बजावले आहे, की हा देश तुमच्या नीतिमत्तेमुळे मिळत नाही. लगेच होरेबाजवळच्या सोन्याच्या वासराची आठवणही दिली आहे. लोक फिरले तरी देव अब्राहामाला दिलेल्या शब्दाला जागला. आणि ६ व्या अध्यायात सांगितलेल्या, त्या देशात आयत्या मिळालेल्या विहिरी? त्या इस्राएल लोकांनी खणल्या नव्हत्या. कुणाच्या तरी हातांनी खणल्या होत्या.

म्हणूनच टोपली ठेवल्यावर २६ वा अध्याय संपत नाही. त्या आनंदात लेवी आणि उपरी यांनाही घ्यायचे, आणि तिसऱ्या वर्षीच्या दशमांशातून अनाथ-विधवांनीही पोटभर जेवायचे, अशी आज्ञा पुढे आहे.

सुगीच्या सणाला आपल्याकडेही कणसे, भोपळे, अंडी वेदीपुढे येतात. आणि आपल्या दाराशीही उपरी असतात: गळीत हंगामात गावाबाहेर ऊसतोड कुटुंबांच्या कोपी पडतात. आपल्या घरातल्या साखरेमागे त्यांचे हात आहेत. यंदा वेदीपुढच्या धान्यातला वाटा त्यांच्यासाठी आधीच बाजूला काढावा. आणि नुसता पोचता करू नये. सणाच्या जेवणाला त्यांना बोलवावे, आपल्याच पंगतीत, पहिल्या पंगतीत.