न दुखणारा कोंब

गुदद्वाराशी एखादा कोंब किंवा गाठ हाताला लागली आणि ती मुळीच दुखत नसली, तर रुग्ण डॉक्टरांकडे तातडीने येत नाही, हा आपल्या व्यवसायातील सर्वांचाच अनुभव आहे. ठणका असता तर तो दुसऱ्याच दिवशी आला असता. तो नाही म्हणून, आणि त्या जागेचा नुसता उल्लेख करण्याचाही संकोच वाटतो म्हणून, इसबगोल आणि औषधांच्या दुकानातून मागून आणलेले मलम यांवर तो महिनेच्या महिने काढतो, आणि अखेरीस येतो तो ‘मूळव्याध आहे’ हे निदान स्वतःच करून येतो. त्या निदानावर आपण न पाहताच शिक्कामोर्तब करावे काय, हा प्रश्न आम्ही आज व्यवसायबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

वेदनेचा अभाव हा निरुपद्रवीपणाचा दाखला नव्हे, हे शरीररचनाच सांगते. गुदमार्गातील डेंटेट रेषेच्या खालील त्वचेला तीव्र संवेदना असते, परंतु तिच्या वरील अस्तराला इजेची वेदना जवळजवळ कळतच नाही. सबब आतील मूळव्याध, खाली उतरलेला पॉलिप आणि तेथे मूळ धरू लागलेला कर्करोग हे तिन्ही विकार प्रारंभी सारखेच मूक असतात. उलटपक्षी, रेषेखाली रक्त साकळून आलेली गाठ असह्य दुखते, पण बहुधा काही आठवड्यांत आपोआप जिरून जाते. वेदनेच्या प्रमाणावरून धोक्याचे प्रमाण ठरविणारा रुग्ण क्षम्य आहे. तसे ठरविणारा चिकित्सक नव्हे.

बहुतेक कोंब साधे असतात, हे सांगणेही तितकेच अगत्याचे आहे. जुन्या फिशरपाशी किंवा ओसरलेल्या सुजेनंतर मागे राहणारा त्वचेचा मऊ पदर निरुपद्रवी असतो, आणि त्याला स्वच्छता व धीर यांपलीकडे बहुधा कशाचीच गरज नसते. फुलकोबीसारखे दिसणारे चामखिळींचे पुंजके मानवी पॅपिलोमा विषाणूच्या मुख्यतः 6 व 11 या प्रकारांमुळे होतात. तेथे एचआयव्हीची तपासणी सुचवावी, आणि कोंब चपटे व ओलसर असतील तर उपदंशासाठी रक्त तपासल्याखेरीज चामखीळ समजून औषध लावू नये. गुदमार्गाच्या कर्करोगांपैकी बहुतेकांच्या मुळाशी त्याच विषाणूचा, विशेषतः 16 या प्रकारचा, संसर्ग असतो. मूळव्याधीचे रूपांतर कर्करोगात होत नाही हे खरे, तथापि दोन्ही एकाच रुग्णात शेजारी शेजारी नांदू शकतात. म्हणून मूळव्याध दिसली एवढ्यावरून शोध थांबविणे ही हयगय होय.

सुश्रुतसंहितेत अर्शाचे सहा प्रकार आणि भेषज, क्षार, अग्नी व शस्त्र हे चार उपाय सांगितले आहेत. परंतु आम्हांला त्याहून महत्त्वाचे वाटते ते तेथील गोस्तनाकार, चार अंगुळे लांबीचे अर्शोयंत्र. आत डोळ्यांनी पाहिल्यावाचून उपाय योजू नये, ही शिस्त या भूमीत इतकी जुनी असता, आज प्रॉक्टोस्कोप, उजेड आणि हातमोजा हाताशी असताना केवळ कैफियत ऐकून औषधाची चिठ्ठी लिहून देणे कोणत्याच पद्धतीच्या चिकित्सकाला शोभत नाही.

रुग्णांना आपण स्पष्ट शब्दांत सांगावे, की नवा कोंब दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर, दुखो वा न दुखो, दाखवावयास यावे. आणि तो कठीण लागत असेल, वाढत असेल, त्यावर व्रण पडला असेल, रक्त जात असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा जांघेत अवधाण आले असेल, तर एक दिवसाचीही दिरंगाई करू नये. एचआयव्हीबाधित, अवयवरोपण झालेले, आणि गर्भाशयमुखाचा किंवा योनिद्वाराचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रिया यांच्याबाबत अधिक सावध असावे. तपासणीपूर्वी संमती घ्यावी, पडदा असावा, स्त्री-रुग्णाजवळ परिचारिका असावी. रुग्णाला डाव्या कुशीवर निजवून प्रथम पाहावे, मग बोटाने चाचपावे, दोन्ही जांघा तपासाव्यात, आणि शंका येताच तुकडा तपासणीस पाठवावा. चाळिशी उलटलेल्या रुग्णाचे रक्त केवळ मूळव्याधीच्या खाती जमा न करता मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करण्याची शिफारस करावी.

या आग्रहाला सबळ कारण आहे. एके काळी गुदमार्गाच्या कर्करोगावर गुदद्वारासह मोठा भाग काढून पोटावर कायमचा शौचमार्ग करणे हाच राजमान्य उपाय होता. 1974 साली नॉर्मन निग्रो यांनी किरणोपचार आणि औषधे एकत्र योजून मिळालेले यश प्रसिद्ध केले, आणि त्या वाटेने आज बहुसंख्य रुग्णांचे गुदद्वार वाचविता येते. पण दोन सेंटिमीटरांहून लहान असताना सापडलेली गाठ आणि ग्रंथींपर्यंत पोहोचलेली गाठ यांचे भवितव्य एक नसते. हा फरक पुष्कळदा पहिल्या भेटीतच ठरतो, आणि ती भेट बहुधा मोठ्या रुग्णालयात नव्हे, तर आपल्यापैकीच कोणाच्या तरी लहानशा दवाखान्यात होत असते. म्हणून तेथे तपासणीचे मेज, उजेड आणि पडदा यांची तजवीज प्रत्येकाने करावी, आणि संकोचाचा अडसर निदान आपल्या बाजूने तरी राहू देऊ नये.