ना डूख, ना माया

घरात दोन-तीन वर्षे सांभाळलेला, हातावर निवांत बसणारा साप एक दिवस मालकालाच चावला, की दोन प्रकारची मते ऐकू येतात. ‘सापाला कितीही दूध पाजा, तो उलटणारच’ हे एक. ‘त्याला कशाचा तरी राग आला असेल, त्याने डूख धरला असेल’ हे दुसरे. एक मत सापाला कृतघ्न ठरवते, दुसरे सूडबुद्धीचा. सापाच्या मनात मालकाविषयी काहीतरी होते, असे मात्र दोन्ही मते गृहीत धरतात. सापाचे शरीर आणि वर्तन पाहिले तर या गृहीतकाला आधार सापडत नाही. साप चावतो त्याची कारणे मुख्यतः दोनच असतात: एक तर समोर भक्ष्य आहे असे त्याला वाटते, किंवा आपणच कोणाचे तरी भक्ष्य होणार असे त्याला वाटते.

यातले पहिले कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. जगभर हौसेने पाळल्या जाणाऱ्या सापांत बॉल पायथन आघाडीवर आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा चार-पाच फुटांचा बिनविषारी अजगर घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत दडवतो. इतक्या भित्र्या प्राण्याचा चावा मालकाला म्हणूनच अनपेक्षित वाटतो. पण सापाचे जग डोळ्यांपेक्षा वासावर अधिक चालते. जीभ बाहेर काढून तो हवेतले गंधकण गोळा करतो आणि टाळूवरच्या जेकबसन इंद्रियाकडे पोहोचवतो. त्यातच अजगरांच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. भोवतालच्या हवेपेक्षा उबदार असलेले सस्तन प्राण्याचे शरीर त्यांना काळोखातही जाणवते. खायला घालण्यासाठी उंदीर हाताळला आणि तोच हात न धुता पेटीत घातला, तर सापापुढे येते ती उंदराच्या वासाची, उबदार, हलणारी वस्तू. ती मालकाची बोटे आहेत हे ओळखायला सापाकडे सवडही नसते. त्याची झेप सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पूर्ण होऊ शकते, म्हणजे माणसाची पापणी पुरती लवण्याआधीच.

सवयही याला हातभार लावते. पेटीचे झाकण फक्त खाऊ घालतानाच उघडत असेल, तर झाकण उघडणे हीच सापासाठी जेवणाची घंटा ठरते. म्हणून जाणकार पाळणारे सापाला हात लावण्याआधी आकडीच्या काठीने त्याच्या अंगाला हलका स्पर्श करतात. आज जेवण नाही, याची ती खूण असते. भक्ष्यही ते हाताने न देता लांब चिमट्याने देतात.

दुसरे कारण भीतीचे. कात टाकायच्या आधी काही दिवस सापाचे डोळे दुधाळ, निळसर होतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातेबरोबर निघतो. जुन्या-नव्या थरांत द्रव साचल्याने सापाला अंधुक दिसते आणि तो बिथरलेला असतो. नुकतेच खाल्लेले असणे, तोंडात जंतुसंसर्ग किंवा अंगावर गोचिडी असणे, पेटीत लपायला जागा नसणे, तापमान चुकीचे असणे, नवे घर, अशी इतरही कारणे असतात. वरून झडप घालून उचलणारा हात सापाला घारीसारखा वाटला, तर त्यात नवल नाही.

हे दोन चावे वेगळे ओळखता येतात. भुकेचा चावा धरून ठेवणारा असतो. साप सोडत नाही, उलट हाताला वेटोळे घालू लागतो. भीतीचा चावा म्हणजे दंश करून लगेच मागे हटणे. त्याआधी बहुतेक वेळा इशारेही मिळतात. मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी मागे खेचली जाते, साप फुत्कारतो, काही जाती शेपूट थरथरवतात. हे इशारे न कळल्यामुळे चावा अचानक झाल्यासारखा वाटतो.

मग काही महिन्यांनी साप शांत होतो, तो कशाने? शास्त्रज्ञ याला सरावणे म्हणतात. वारंवार येणाऱ्या हातापासून अपाय होत नाही, एवढे सापाला कळते आणि तो बचावाची धडपड सोडतो. कुत्रा हजारो वर्षांच्या निवडीतून माणसाच्या सहवासासाठी घडत गेला. पेटीत जन्मलेला साप मात्र वृत्तीने रानातलाच राहतो. त्याचा शांतपणा हा विश्वासाचा करार नव्हे. तो परिस्थितीवर अवलंबून असतो, आणि परिस्थिती बदलली की तो संपतो.

बिनविषारी सापाचा चावा सहसा किरकोळ जखमेवर भागतो. मात्र दात मागे वळलेले असल्याने हात हिसडला तर कातडी फाटते आणि दात तुटून आत राहू शकतात. सापाला न ओढता तोंडावर थंड पाणी सोडले तर तो बहुधा पकड सोडतो. जखम साबणाने भरपूर धुवावी, धनुर्वाताच्या लशीबाबत डॉक्टरांना विचारावे. चाव्याखेरीज आणखी एक धोका असतो. वरवर निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे घरात असतील, तर साप पाळण्याची हौस टाळलेलीच बरी.

खरा प्रश्न पुढचा आहे. ‘माझा साप मला ओळखतो’ हा समज बॉल पायथनपुरता राहिला तर त्याची किंमत बोटावरच्या ओरखड्यांएवढीच असते. तोच समज घेऊन कोणी नाग गळ्यात घालून चित्रफीत काढतो, तेव्हा किंमत जिवाची होते. घोणसाला अजगराचे पिल्लू समजून आणि मण्यारीला कवड्या समजून उचलल्याने अनेकांनी जीव धोक्यात घातला आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सरासरी वर्षाला सुमारे ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले. शेतात राबणाऱ्याला सापाची गाठ टाळता येत नाही, हौसेने साप हाती धरणाऱ्याला ती नक्की टाळता येते.

कायद्याची भूमिकाही इथे स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असलेले देशी साप पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने असलेल्या परदेशी जातींना २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या कक्षेत आणले आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी आवश्यक झाली. तरीही चोरटी आयात चालूच आहे. २०२५ च्या मध्याला मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात डझनांनी विषारी साप सापडले. भारतात मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बेतलेले आहे. परदेशी विषारी साप मुंबई-पुण्यातल्या एखाद्या सदनिकेत चावला, तर जवळच्या रुग्णालयात त्यावर उतारा मिळेलच असे नाही.

नोंदणीचा नियम म्हणूनच कागदापुरता राहता कामा नये. विकणाऱ्याने साप देताना त्याची जात, आहार, आयुर्मान आणि चाव्यावरचे प्राथमिक उपचार लेखी सांगणे बंधनकारक व्हायला हवे. बॉल पायथन बंदिवासात वीस-तीस वर्षे जगतो. हौस तितकी टिकत नाही आणि मग साप बाहेर सोडले जातात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स पाणथळीत पाळीव व्यापारातून आलेल्या बर्मी अजगरांनी तिथल्या सस्तन प्राण्यांची मोठी हानी केली आहे. सर्पमित्रांच्या प्रशिक्षणातही सापाशी खेळ न करण्याचा नियम सक्तीचा असावा.

सापाला देव मानणाऱ्या आणि दिसताक्षणी ठेचणाऱ्या समाजात त्याला मित्र मानणाऱ्यांची भर पडते आहे. तिन्ही भूमिकांत साप माणसाच्या कल्पनेतला असतो. खऱ्या सापाला हवे असते ते ऊब, आडोसा, ठरावीक काळाने भक्ष्य आणि नसता त्रास न देणारा शेजार. एवढे ओळखून जो अंतर राखतो, त्याला साप चावण्याची शक्यता सर्वांत कमी.