राजा हवा, पण मत नसलेला

एप्रिल १९९०मध्ये बेल्जियमने आपल्या राजाला दीड दिवसाची सुट्टी दिली. राजे बोदुआं ठणठणीत होते. पण गर्भपाताला मर्यादित मुभा देणाऱ्या कायद्यावर सही करायला त्यांचे कॅथलिक मन धजेना. राजा कारभाराला असमर्थ ठरला तर काय करायचे, याचे कलम राज्यघटनेत होतेच. मंत्र्यांनी त्याचा आधार घेतला, कायदा स्वतःच्या सहीने जारी केला आणि ५ एप्रिलला संसदेने बोदुआंना पुन्हा समर्थ ठरवले. कायदाही राहिला, राजाही राहिला. थट्टा वाटावी असा हा तोडगा, पण बेल्जियमच्या राजकारणाची सगळी रीत त्यात आहे.

बोदुआं यांच्या वडिलांना अशी पळवाट मिळाली नव्हती. तिसरे लिओपोल्ड १९४०मध्ये मंत्र्यांचा सल्ला धुडकावून जर्मनांना शरण गेले आणि देशातच राहिले. त्यांना परत गादीवर बसू द्यावे का, यावर १९५०मध्ये जनमत घेतले गेले. देशभरात जवळपास ५८ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. मात्र डचभाषक फ्लँडर्समध्ये हा आकडा ७२ होता, तर फ्रेंचभाषक वालोनियात अवघा ४२. राजे गादीवर परतले आणि वालोनिया पेटला. संप झाले, गोळीबारात माणसे मेली. जिंकलेल्या राजाला वर्षभरात मुलासाठी गादी सोडावी लागली.

पुढे पक्षही भाषेवरून फुटले. लूव्हेनच्या जुन्या विद्यापीठाची वाटणी झाली तेव्हा ग्रंथालयातली पुस्तके सम-विषम क्रमांकांनुसार विभागली गेली!

अशा देशात मंत्रिमंडळात पंतप्रधान वगळता दोन्ही भाषकांची संख्या समसमान ठेवावी लागते. आघाडी जुळवता जुळवता वर्ष सरते. २०१०-११मध्ये तर तब्बल ५४१ दिवस नवे सरकार बनले नाही. त्या काळात राजे दुसरे आल्बर्ट एकामागून एक मध्यस्थ नेमत राहिले. राजाच्या हाती सत्ता जवळपास उरलेली नाही, हे खरे. पण दोन्ही बाजूंना बोलावून घेण्याइतका तटस्थ असा दुसरा कोण आहे? ही तटस्थताच त्याची पोटापाण्याची सोय आहे. स्वतःचे मत मांडले की ती गेलीच.

फेब्रुवारी २०२५मध्ये बार्ट दे वेव्हर पंतप्रधान झाले. त्यांच्या पक्षाच्या घटनेत स्वतंत्र फ्लेमिश प्रजासत्ताकाचे ध्येय लिहिलेले आहे. निष्ठेची शपथ मात्र त्यांनी राजे फिलिप यांच्यासमोरच घेतली.