आठवणीतले दूरदर्शन आणि खिडकीतला मुलगा



तुमच्या घरी, शेजारी किंवा वर्गात हे वाक्य तुम्ही नक्की ऐकले असेल : ‘आमच्या वेळचे दूरदर्शन किती चांगले होते! नाहीतर तुमचा हा मोबाईल!’ मी शिक्षक आहे. हे वाक्य मीही अनेकदा वर्गात उच्चारले आहे आणि दरवेळी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली आहे. आज ते वाक्य मला निम्मे मागे घ्यायचे आहे. निम्मेच का, ते पुढे कळेल.

माझे बालपण रामटेकला गेले. रामाने वनवासात येथे विसावा घेतला अशी गावाची श्रद्धा. गडावर रामाचे मंदिर, पायथ्याशी गाव. अशा गावात २५ जानेवारी १९८७ या दिवसापासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे ‘रामायण’ दिसू लागले, तेव्हा काय झाले असेल याची कल्पना करा! ३१ जुलै १९८८ पर्यंत ते चालले. त्या वेळेत रस्ते ओस पडत. आमच्या आळीत एकच संच होता. तो ज्यांच्या घरी होता, त्या आजी संचाला हार घालीत आणि दारातून ओरडत, ‘पोट्टेहो, चपला बाहेर काढा!’

पण चित्र दिसणे ही सोपी गोष्ट नव्हती. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ ने गुणा. जे उत्तर येईल तितके किलोमीटर त्या मनोऱ्यावरून क्षितिज दूर असते. समजा, नागपूरचा मनोरा १०० मीटर उंच आहे. वर्गमूळ १०, म्हणजे क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरवर. रामटेक नागपूरहून सरळ रेषेत सदतीस-अडतीस किलोमीटर. म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या ॲंटेनाला तो मनोरा ‘दिसणारच’ नाही. पण ॲंटेना ९ मीटर उंच नेला, तर त्याचे स्वतःचे क्षितिज आणखी सुमारे ११ किलोमीटर पुढे सरकते. बेरीज सत्तेचाळीसच्या आसपास. काम झाले! छपरावर बांबू आणि बांबूच्या टोकाला ॲंटेना, ही उठाठेव त्यासाठी होती. प्रत्यक्षात हवेच्या थरांमुळे लहरी किंचित वाकतात आणि थोडे आणखी दूर पोचतात. पण हिशेबाची दिशा हीच.

या हिशेबात एक घटक मात्र बसत नसे. तो म्हणजे वानरे. रामटेकच्या गडावर वानरांची काही कमतरता नाही. ऐन युद्धप्रसंगी एखादा हुप्प्या छपरावर उडी मारी आणि बांबू गदगदा हलवी. पडद्यावर मुंग्याच मुंग्या! मग एक जण वर चढे आणि खालून सगळे ओरडत, ‘थोडा डावीकडे! दिसून राह्यलं का बे? गेलं, गेलं! आलं!’ रामाच्या मालिकेत वानरसेनेनेच विघ्न आणावे, याचे आम्हांला फार हसू येई.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. त्या पडद्याने आम्हांला खिळवून का ठेवले? केवळ कथेमुळे म्हणावे, तर रामाची कथा आम्हांला पाठ होती. पुढे काय होणार हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक होते.

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी प्राण्यांच्या एका प्रतिक्षेपाचे वर्णन केले आहे. अचानक काही हलले, चमकले किंवा वाजले की प्राणी हातातले काम थांबवून तिकडे वळतो. जणू ‘हे काय आहे?’ असे विचारतो. रानात जगण्यासाठी हे आवश्यकच होते, कारण झुडूप हलले तर त्यात वाघ असू शकतो. पडद्यावर दृश्य बदलते, कॅमेरा जवळ येतो, बाण सुटतो, संगीत वाढते. दरवेळी मेंदूतले ते जुने यंत्र म्हणते, ‘तिकडे बघ!’ आम्ही भक्तीने पाहत होतो हे खरे. पण आमची मान भक्तीबरोबरच या प्रतिक्षेपानेही धरून ठेवली होती.

तुमच्या हातातला मोबाईलही हेच करतो. मग फरक कुठे आहे? फरक शेवटात आहे. आमचा भाग संपला की संपला. ‘पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर सात दिवसांनी. मधल्या सहा दिवसांत आम्ही बोरूच्या काड्यांचे बाण करीत असू आणि एकमेकांना लंकेत पाठवीत असू. आज एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू होतो. एक रील सरकवली की दुसरी तयार. ती आवडेल की नाही हे आधी कळत नाही आणि नेमकी हीच गोष्ट बोटाला थांबू देत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा दरवेळी न मिळता अनियमितपणे मिळू लागला, की कबुतर कळ दाबणे सहजासहजी सोडीत नसे. कबुतराला हसू नका. आपले बोट त्याच्या चोचीपेक्षा फारसे शहाणे नाही.

म्हणजे आमच्या लहानपणी पडद्याची पकड सैल होती, ती आम्ही संयमी होतो म्हणून नव्हे. दाखवायला दुसरे काही नव्हते म्हणून! आमच्या गुणाचे श्रेय टंचाईला द्यावे लागते. वडीलधाऱ्यांनी हे मान्य केले पाहिजे. माझ्या वाक्याचा पहिला तुकडा येथे गळून पडतो.

दुसरा तुकडा २०२० साली गळला. टाळेबंदी सुरू झाली आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले. देशभर लोकांनी ते आवडीने पाहिले. मीही पुतण्याला शेजारी बसवून मोठ्या उत्साहाने संच लावला. चित्र स्वच्छ होते. वानरांची भीती नव्हती, कारण ॲंटेनाच नव्हता. पण दहा मिनिटांत माझे मन भरकटू लागले. एकेका बाणाला किती तो वेळ! पुतण्या माझ्या तोंडाकडे पाहत होता आणि मी घड्याळाकडे. तेव्हा मला कळले की मी ज्यासाठी झुरत होतो ते पडद्यावर नव्हतेच. ते पडद्यासमोर होते. ती गर्दी, आजींचा ओरडा, छपरावरची धडपड, आठवडाभराची वाट. आणि मी दहा वर्षांचा होतो, हेही!

जुन्या दिवसांसाठी झुरण्याचा अभ्यास फार पूर्वी सुरू झाला. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेल येथे परदेशी गेलेल्या स्विस लोकांच्या घरओढीवर प्रबंध लिहिला आणि तिला ‘नॉस्टाल्जिया’ हे नाव दिले. ‘परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड. होफरने तो आजार मानला. आज तसे मानीत नाहीत. जुनी आठवण माणसाला धीरही देते. पण आठवण धीर देते म्हणून ती खरी ठरत नाही.

हे मला एका वर्गमित्राने शिकवले. काही वर्षांपूर्वी त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला गेलो असताना तो भेटला. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो : आजींचे घर, वानरे, सगळी आळी कशी एक होऊन पाहायची! तो ऐकत राहिला आणि शांतपणे म्हणाला, ‘तुले आत जागा होती गा. मी खिडकीत राहत होतो. मले पडद्याचा डावा भागच दिसे. पाऊस आला का घरी जात होतो.’

मी गप्प झालो. त्याचे वडील पानमळ्यात मजुरीला जात. आत जागा नव्हती असे नाही. त्याला ‘आत ये’ म्हणणारे कोणी नव्हते, आणि त्यात मीही होतो. माझ्या आठवणीत तो खिडकीतला मुलगा नव्हताच. इतकी वर्षे मी ‘सगळी आळी’ म्हणत होतो आणि त्या ‘सगळ्यां’तून तो गळला होता.

आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली फिल्म नव्हे. ती काढताना आपण दरवेळी थोडी नव्याने रचतो. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारले, ‘मोटारी एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता?’ दुसऱ्या पन्नासांना विचारले, ‘धडकल्या तेव्हा वेग किती होता?’ आठवड्याने दोघांनाही प्रश्न केला, ‘फुटलेली काच पाहिली का?’ फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. तरी ‘चुराडा’ ऐकलेल्यांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले, ‘धडक’ ऐकलेल्यांपैकी ७. एका शब्दाने नसलेली काच दाखवली. मग ‘ते सोन्याचे दिवस’ हे शब्द तीस वर्षे घोकल्यावर असलेला मुलगा दिसेनासा झाला, यात नवल काय?

मग खरे कसे कळायचे? मोजून. कॅनडात एका गावाची जागा दऱ्याखोऱ्यांत असल्याने १९७३ पर्यंत तेथे दूरचित्रवाणी पोचत नव्हती. टॅनिस विल्यम्स या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती पोचण्यापूर्वी आणि पोचल्यावर दोन वर्षांनी तेथील मुलांची व मोठ्यांची पाहणी केली आणि आधीपासून दूरचित्रवाणी असलेल्या दोन गावांशी तुलना केली. अहवालात त्या गावाला ‘नोटेल’ असे टोपणनाव दिले. १९८६ साली निष्कर्षांचे पुस्तक निघाले. संच आल्यावर गावातल्या सामुदायिक कार्यक्रमांतला लोकांचा सहभाग घटला होता, मुलांचे नवकल्पनांच्या चाचणीतले गुण उतरले होते आणि त्यांची मारामारी वाढली होती. एका गावावरून साऱ्या जगाचा निवाडा करता येत नाही. पण त्यांच्याकडे निदान ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची नोंद होती.

माझ्या आळीत अशी नोंद ठेवणारे कोणी नव्हते. संध्याकाळी ओट्यावर किती लोक बसत, भजनाला किती येत, मुले किती वेळ खेळत, हे संच येण्यापूर्वी कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून आज माझ्यासारखे लोक गोड आठवणी सांगतात आणि त्या खोडून काढायला काही पुरावा नसतो. खिडकीतल्या मुलाची साक्ष तेवढी राहिली, तीही योगायोगाने.

आता माझे मत स्पष्ट सांगतो. वडीलधाऱ्यांनी आणि आम्हां शिक्षकांनी ‘आमच्या वेळी’ हा दाखला देणे थांबवावे. तो पुरावा नव्हे. पण म्हणून मोबाईल निर्दोष ठरत नाही. माझ्या वाक्याचा जो अर्धा भाग उरतो तो असा : शेवट असलेले पाहणे आणि शेवट नसलेले पाहणे यांत फरक आहे आणि तो तुमच्याविरुद्ध जाणारा आहे. शेवट आम्हांला आयता मिळाला. तुम्हांला तो स्वतः घालावा लागेल. तुमचे काम आमच्यापेक्षा अवघड आहे आणि ते तुम्हांला कोणीतरी प्रामाणिकपणे सांगायला हवे होते.

तेव्हा एक प्रयोग करा. वही घ्या. रोज सकाळी लिहा : आज मी पडद्यासमोर किती मिनिटे घालवीन? रात्री प्रत्यक्ष मिनिटे लिहा; मोबाईल स्वतःच ती मोजून देतो. अमेरिकेत क्युबी आणि चिक्सेंटमिहाय या संशोधकांनी लोकांना एक यंत्र दिले होते. ते दिवसातून सहा ते आठ वेळा केव्हाही वाजे आणि त्या क्षणी काय करता आहात, कसे वाटते आहे, ते लोक लिहीत. दूरचित्रवाणी पाहताना लोकांना सैल वाटे, पण संच बंद केल्यावर तो विसावा संपे आणि मरगळ तेवढी उरे. तुम्हीही पडदा बंद केल्यावर पाच मिनिटांनी एक शब्द लिहा : ‘ताजे’, ‘सुस्त’, ‘चिडचिडे’, जे असेल ते. पहिल्या आठवड्यात काही बदलू नका. दुसऱ्या आठवड्यात पाहण्याआधी शेवट ठरवा आणि तो पाळा. मग दोन्ही पाने शेजारी ठेवा. शिक्षकांनी सगळ्या वर्गाच्या नोंदी नावाशिवाय गोळा करून फळ्यावर आलेख काढावा. आपलीही नोंद त्यात घालावी. मी घातली आहे आणि माझा आकडा वर्गाच्या सरासरीपेक्षा जास्त निघाला!

वहीच्या शेवटच्या रकान्यात आणखी एक गोष्ट लिहा : आज माझ्याबरोबर कोण पाहत होते, आणि कोणाला बोलवायचे राहिले?

तीस वर्षांनी तुम्हीही कोणाला तरी ‘आमच्या वेळी’ म्हणून सांगाल. तेव्हा ही वही जवळ असू द्या.