‘नेक्स्ट’ दाबण्याआधी

तुमच्या घरच्या किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरवर बिलांचं, पेशंटचं, क्लासच्या मुलांचं किंवा वाचनालयाच्या सभासदांचं सॉफ्टवेअर असेल, तर दहा मिनिटं काढून हे वाचा.

त्या सॉफ्टवेअरच्या मागे बहुधा आणखी एक प्रोग्रॅम चालू असतो. तुम्ही बिल टाइप करता, पण ते जपून ठेवतो हा दुसरा प्रोग्रॅम. त्याला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. छोट्या व्यवसायात तो पुष्कळदा मायएस्क्यूएल असतो. मी त्याच्याबद्दलच सांगणार आहे.

हा प्रोग्रॅम पडद्यावर कधी दिसत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं त्याची आठवणही होत नाही. मग एक दिवस नवा कॉम्प्युटर येतो, नाहीतर कुणीतरी सांगतं की तुमचं व्हर्जन फार जुनं झालंय. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हापासून तर असे प्रसंग फार वाढलेत.

व्हर्जन बदलायला हवं, हे खरं आहे. मायएस्क्यूएल ५.७ हे २०१५ सालचं. ऑक्टोबर २०२३ नंतर त्यातल्या चुका दुरुस्त करणं बंद झालं. म्हणजे त्यात एखादं भगदाड सापडलं, तर ते बुजवायला कुणी येणार नाही. त्यानंतरच्या ८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच. एप्रिल २०२४ मध्ये आलेलं ८.४ मात्र पुढची अनेक वर्षं सांभाळलं जाणार आहे. तुम्हाला जायचंय ते तिथे. डाउनलोडच्या यादीत ९ ने सुरू होणारी व्हर्जनंही दिसतील. आकडा मोठा आहे म्हणून ती घेऊ नका. त्यातली बहुतेक व्हर्जनं नव्या गोष्टी लवकर वापरून बघणाऱ्यांसाठी काढलेली आहेत, त्यांची मुदत काही महिन्यांचीच असते. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर त्यांचं काम नाही.

तेव्हा अपग्रेड करा. फक्त घाई करू नका. घाईत काय होतं, ते मी एका दवाखान्यात पाहिलंय.

तालुक्याच्या गावातला दवाखाना. डॉक्टर नवरा-बायको. अकरा वर्षांच्या पेशंटच्या नोंदी एका कॉम्प्युटरवर. नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा भाच्याने शनिवारी रात्री बसून सगळं हलवलं. प्रोग्रॅम फाइल्समध्ये मायएस्क्यूएल नावाचं फोल्डर होतं, ते त्याने पेन ड्राइव्हवर घेतलं. फोल्डर चांगलं भरलेलं दिसत होतं. मग जुना कॉम्प्युटर फॉरमॅट केला आणि विंडोज नव्याने टाकलं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

त्या फोल्डरमध्ये फक्त प्रोग्रॅम होता. नोंदी दुसरीकडे होत्या. सी ड्राइव्हमध्ये प्रोग्रॅमडेटा नावाचं एक फोल्डर असतं. विंडोज ते लपवून ठेवतं, साध्या नजरेला ते दिसतच नाही. मायएस्क्यूएल नोंदी ठेवतं ते तिथे.

सोमवारी सकाळी मला बोलावलं. बाकावर आठ-दहा पेशंट बसलेले. एक आजी विचारत होत्या, “माझी थायरॉइडची गोळी किती पॉवरची होती हो?” डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत होत्या आणि पडद्यावर पेशंटची संख्या शून्य होती. डिस्क डेटा परत काढून देणाऱ्याकडे नेली. थोड्या फायली निघाल्या, पण एकही नीट उघडली नाही. पुढचे चार महिने त्या दोघांनी लोकांच्या घरातल्या जुन्या चिठ्ठ्या मागवून नोंदी पुन्हा लिहिल्या. ज्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती, त्यांचं राहिलंच.

भाच्याला मी दोष देत नाही. त्याने रात्र जागून मदत केली होती. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. म्हणून तुम्हाला सांगतोय.

आधी एक कोरा कागद घ्या. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅमची यादी असते, त्यात मायएस्क्यूएल सर्व्हरपुढे व्हर्जनचा आकडा दिसेल. तो लिहा. सॉफ्टवेअर ज्याने बसवून दिलं त्याचा नंबर लिहा. मायएस्क्यूएलचा मुख्य पासवर्ड, ज्याला रूट पासवर्ड म्हणतात, तो शोधा. तो कुणालाच आठवत नसेल तर पुढे जाऊ नका. आधी तो मिळवा. हा पासवर्ड वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी कपाटात ठेवा, मॉनिटरला चिकटवू नका.

मग सॉफ्टवेअरवाल्याला एकच प्रश्न विचारा, “तुमचं सॉफ्टवेअर मायएस्क्यूएल ८.४ वर चालतं का?” उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. हा प्रश्न का, तर नव्या व्हर्जनने पासवर्ड तपासायची जुनी पद्धत मुळातच बंद ठेवलेली आहे. सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचं असेल, तर नोंदी जागच्या जागी सुखरूप असतील, पण सॉफ्टवेअरला आतच जाता येणार नाही. दुसरं कारण क्लास चालवणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावं. ‘रँक’ हा इंग्रजी शब्द ८.० पासून मायएस्क्यूएलने स्वतःसाठी राखून ठेवलाय. जुन्या निकालपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुलांचा नंबर याच नावाच्या रकान्यात असला, तर निकाल काढताना ते अडकू शकतं. सॉफ्टवेअरवाल्याला ही दुरुस्ती फार अवघड नाही. पण ती आधी झाली पाहिजे, निकालाच्या दिवशी नाही.

आता बॅकअप. इथे मात्र वेळ द्या.

मायएस्क्यूएल वर्कबेंच नावाचा प्रोग्रॅम तुमच्याकडे असेल, नसेल तर तो फुकट मिळतो. त्यात वर सर्व्हर नावाचा मेन्यू आहे. त्यात डेटा एक्स्पोर्ट आहे. तुमच्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसवर खूण करा. खाली आणखी तीन खुणा दिसतील, त्याही करा. सॉफ्टवेअरवाल्याने आत ठेवलेली छोटी-मोठी कामं त्यामुळे सोबत येतात. सगळं एकाच फायलीत घ्यायचा पर्याय निवडा आणि ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. या फायलीत तुमच्या नोंदी येतात. मायएस्क्यूएलमध्ये शिरणाऱ्यांची नावं आणि पासवर्ड येत नाहीत. नव्या कॉम्प्युटरवर ते पुन्हा तयार करावे लागतात, म्हणून तेही सॉफ्टवेअरवाल्याकडून आत्ताच विचारून घ्या.

नुसतं फोल्डर उचलून बॅकअप घेऊ नका. सर्व्हर चालू असताना कॉपी केलेलं फोल्डर पुढे उघडेल याचा भरवसा नसतो. अर्धी नोंद लिहून झालेली असते, अर्धी व्हायची असते.

फाइल तयार झाली की ती नोटपॅडमध्ये उघडा. मोठी असेल तर वेळ लागेल, लागू द्या. अगदी शेवटच्या ओळीवर जा. तिथे इंग्रजीत ‘डम्प कम्प्लिटेड’ आणि पुढे तारीख-वेळ दिसली पाहिजे. ती ओळ नसेल तर बॅकअप मध्येच तुटलाय. पेन ड्राइव्ह भरला असेल, नाहीतर लाइट गेली असेल. पुन्हा घ्या.

त्याच फायलीत एखादं मराठी नाव शोधा, शक्यतो रोजच्या ओळखीचं. शेजारच्या सुमनताईंचं चालेल. नाव स्वच्छ देवनागरीत दिसलं, तर उत्तम.

नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर थांबा. सॉफ्टवेअरमध्ये तेच नाव नीट दिसतंय का बघा. दिसत असेल तर नोंद शाबूत आहे, फक्त बॅकअप चुकीच्या पद्धतीने निघालाय. अशा बॅकअपवर विसंबून जुना कॉम्प्युटर पुसलात, तर सुमनताईंच्या नावाची कायमची प्रश्नचिन्हं होतील. प्रश्नचिन्हातून अक्षर परत काढता येत नाही.

कधी तिसराच प्रकार दिसतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा येतो आणि मध्ये विचित्र खुणा असतात. याला घाबरू नका. मराठीचं एकेक अक्षर साठवायला तीन घरं लागतात. मायएस्क्यूएलची जुनी व्हर्जनं मुळात पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी मांडून ठेवलेली असत, एका अक्षराला एकच घर. त्यामुळे आपलं एक अक्षर तिथे तीन खुणांत फुटलेलं दिसतं. अक्षर हरवलेलं नसतं आणि जाणकार माणूस ते परत जुळवू शकतो. पण हे काम अपग्रेडच्या आधी करून घ्या आणि स्वतः करू नका. ८.० पासून नव्या डेटाबेसला जगातल्या सगळ्या लिप्या धरूनच सुरुवात होते. जुन्या नोंदी मात्र आपोआप सुधारत नाहीत.

हा बॅकअप आता दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मुलीचा लॅपटॉप चालेल. त्यावर मायएस्क्यूएलचं नवं व्हर्जन टाका, त्याच सर्व्हर मेन्यूतल्या डेटा इम्पोर्टने फाइल आत घ्या आणि तुमचं सॉफ्टवेअर जोडून एक बिल छापा. जमत नसेल तर सॉफ्टवेअरवाल्याला अर्ध्या दिवसाचे पैसे द्या, पण हे करून घ्या. बॅकअप घेतलेली माणसं मला पुष्कळ भेटतात. तो उघडून बघितलेली फार थोडी भेटतात.

हे झालं की खरा दिवस ठरवा. मार्चअखेर नको, महिन्याची शेवटची तारीख नको, लग्नसराईतला शनिवार नको. तुमच्या बाजाराची सुट्टी असते तो दिवस घ्या आणि सकाळी बसा, म्हणजे अडलंच तर फोन करायला दिवस हाताशी राहील. त्या कागदावर चार आकडे लिहून ठेवा. शेवटच्या बिलाचा नंबर, एकूण ग्राहक किंवा सभासद, गेल्या महिन्याची एकूण रक्कम आणि कुठल्याही एका जुन्या खात्याची बाकी. आदल्या रात्री शेवटची नोंद झाल्यावर नवा बॅकअप घ्या. आठ दिवसांपूर्वीचा घेतलात, तर आठ दिवसांची बिलं जातील.

आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएस किंवा इन्व्हर्टर नसेल तर त्या दिवसापुरता शेजाऱ्याकडून आणा. शिवाय ५.७ वर असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुना सर्व्हर लाइट जाऊन धाडकन बंद पडला असेल, तर ८.० त्याच्या फायली स्वीकारत नाही, अपग्रेड नाकारतं. तेव्हा जुनं व्हर्जन एकदा पुन्हा चालू करा, त्याला स्थिरावू द्या आणि रीतसर बंद करा. मग पुढे जा.

त्याच कॉम्प्युटरवर जागच्या जागी अपग्रेड करणार असाल, तर ५.७ वरून थेट ८.४ वर जाता येत नाही. आधी ८.० आणि तिथून ८.४. आणि ८.० झाल्यावर जागच्या जागी ५.७ वर परतही येता येत नाही. त्या फायली आतून बदललेल्या असतात. परतीची वाट तुमच्या पेन ड्राइव्हवरचीच. म्हणून शक्य असेल तर नव्या कॉम्प्युटरवर नवं व्हर्जन टाकून त्यात बॅकअपची फाइल इम्पोर्ट करा आणि जुना कॉम्प्युटर तसाच राहू द्या. मला हीच पद्धत सगळ्यात सुरक्षित वाटते.

काम झालं की कागद काढा आणि चारही आकडे जुळवा. एक पैसाही इकडे-तिकडे असेल तर नवं बिल करू नका. आधी कारण शोधा. एखाद्या अहवालात नावं वेगळ्याच क्रमाने दिसली तर मात्र लगेच घाबरू नका. जुनं मायएस्क्यूएल गट पाडताना न सांगताही यादी क्रमाने लावून द्यायचं. ८.० पासून ते सांगितल्याशिवाय लावत नाही. नोंदी तेवढ्याच असतात, एकूण मोजून बघा.

जुना कॉम्प्युटर निदान एक महिना झाकून ठेवा. त्यावर नवी नोंद करू नका, त्याला फॉरमॅटही करू नका. ऑडिट जवळ आलं असेल तर ते होईपर्यंत थांबा. भंगारवाला किंवा एक्स्चेंजवाला घाई करील. त्याला नंतर बोलवा.

बॅकअपची एक प्रत घराबाहेर असू द्या, बहिणीकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. आग, पाणी, चोरी यांत कॉम्प्युटर आणि ड्रॉवरमधला पेन ड्राइव्ह एकदमच जातात. आणि हा पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लावू नका, फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवू नका. त्यात लोकांचे फोन नंबर आहेत, उधाऱ्या आहेत, आजार आहेत. त्यांनी ते तुमच्या भरवशावर सांगितलेले आहेत.

अपग्रेड आज करू नका. आज दुकान बंद करताना डेटा एक्स्पोर्ट उघडा, फाइल घ्या, तिची शेवटची ओळ वाचा, एक मराठी नाव शोधा आणि पेन ड्राइव्हवर तारखेची चिठ्ठी चिकटवा.